अजूनही बँड नाही

न्यू यॉर्कहून हडसन नदी ओलांडली की जर्सी सिटी लागते. तिथे स्टॅन क्राउस यांचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि 'कॅटामाउंट' या नावाने ते स्वतःही थोड्याफार रेकॉर्ड काढत. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ब्रुकलिनच्या पाच कृष्णवर्णीय तरुणांचं गाणं टेपवर उतरवलं. साथीला गिटार नव्हती, पियानो नव्हता, ड्रम नव्हते. हे गाणं कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झॅपापर्यंत पोचलं ते टेलिफोनवरून. एका परिचिताने ते रिसीव्हरमधून ऐकवलं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला झॅपा कान लावून बसला. त्या काळच्या फोनमध्ये खर्ज जवळजवळ ऐकू यायचाच नाही. तेवढ्यावरही त्याने त्या पाचजणांना बोलावून घेतलं. १९७० साली त्याच्या 'स्ट्रेट' कंपनीने त्यांची पहिली एलपी काढली. तिचं नाव 'अकापेला', म्हणजे वाद्यांविना गायलेलं. गटाचं नाव 'द पर्स्वेजन्स'.

झॅपाचा लौकिक अवघड आणि विक्षिप्त रॉकसाठी होता, पण त्याचा कान घडला होता डू-वॉपवर, म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून गळ्यांच्या साथीने गायल्या जाणाऱ्या गाण्यावर. १९६३ मध्ये त्याने रे कॉलिन्सच्या जोडीने पेंग्विन्स या गटासाठी एक गाणं लिहिलं होतं आणि १९६८ मध्ये आपल्या बँडकडून अख्खी एलपी त्या जुन्या धाटणीत करून घेतली होती. फोनच्या तारेत जे स्वर हरवले, ते त्याने आपल्या आठवणीतून भरून घेतले असणार, असं मला नेहमी वाटतं.

१९७० साली असं गाणं गाणारे पाचजण सापडणं ही साधी गोष्ट नव्हती. तोवर रॉक संगीत भल्यामोठ्या अँप्लिफायरवर पोचलं होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या गाण्याचा बाजार उठून सहा-सात वर्षं झाली होती.

हा बाजार भरला होता दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेच्या दक्षिणेकडची शेती आणि तिथला वर्णभेद मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेच्या शहरांत आली होती. चर्चमध्ये चौघांनी मिळून गाण्याची रीत त्यांच्यासोबत आली. मिल्स ब्रदर्स आणि इंक स्पॉट्स या गटांनी ती रेडिओवर नेली होतीच. युद्धानंतर रेव्हन्स आणि बाल्टिमोरचे ओरिओल्स आले. ओरिओल्सचं १९४८चं गाणं डेबरा चेस्लर या तरुणीने लिहिलं होतं आणि गटाचा कारभारही तीच पाहायची. सनी टिल या गायकाचा हळवा आवाज, मागे बाकीच्यांची मंद गुणगुण, ही चाल हार्लेम, ब्राँक्स, शिकागो, लॉस एंजेलिसच्या पोरांनी उचलली. रेव्हन्स आणि ओरिओल्स ही दोन्ही नावं पाखरांची, म्हणून मग क्रोज, लार्क्स, स्वॅलोज, पेंग्विन्स, फ्लेमिंगोज असे थवेच्या थवे आले. ज्यांना पाखरं उरली नाहीत त्यांनी कॅडिलॅक, इम्पाला अशी मोटारींची नावं घेतली.

पोरांकडे वाद्यं घ्यायला पैसे नव्हते. मग बासचं काम जाड आवाजाच्या पोराने करायचं, ट्रंपेट-सॅक्सोफोनचं काम मधल्या आवाजांनी 'डू', 'वॉप', 'शा' अशा अक्षरांनी करायचं, तालाला चुटक्या. जागा शोधायची ती घुमणारी: इमारतीचा जिना, भुयारी रेल्वेचं स्टेशन, शाळेतलं फरशा लावलेलं स्वच्छतागृह. गुळगुळीत भिंतीवरून आवाज परत येतो आणि चार गळे दहा असल्यासारखे वाटतात. शिवाय भिंत खोटं बोलत नाही. एकाचा स्वर किंचित उतरला तरी तो उतरलेलाच परत येतो. शाळेत संगीताचा तास बेताचाच झालेल्या या मुलांची तालीम भिंतींनीच घेतली.

आपल्याकडे गाणारा एक, स्वररेषा एक आणि तिला आधार तंबोऱ्याचा. इथे पाचजण एका वेळी वेगवेगळे स्वर धरतात. एक सा वर, दुसरा ग वर, तिसरा प वर, आणि बासवाला खाली आधार सरकवत नेतो. डू-वॉपच्या असंख्य गाण्यांत हा आधार सा, ध, म, प अशा चार पायऱ्यांनी फिरतो आणि पुन्हा सा वर येतो. दर पायरीला मधल्या तिघांना आपापली जागा बदलायची असते, तीही कोणाच्या पायावर पाय न देता. सर्वांत उंच गाणारा टेनर कृत्रिम बारीक आवाजात या सगळ्यावर तरंगतो. मुख्य गायकाला, म्हणजे लीडला, आपली ओळ मोकळेपणाने लांबवता येते, ती मागच्यांनी जमीन घट्ट धरलेली असते म्हणूनच. पेटी नाही, तंबोरा नाही. स्वर घसरला तर पाचही जणांनी एकत्र घसरायचं, नाहीतर एकत्र सावरायचं. त्यामुळे या गाण्यात नुसत्या आवाजाच्या गुणवत्तेवर भागत नाही. शेजारचा श्वास कधी घेतो हे माहीत असावं लागतं, आणि ते वर्षानुवर्षं एकत्र उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

१९५४ ते १९५८ या काळात हे गाणं देशभर पोचलं. ब्राँक्सच्या कॉर्ड्सचं 'शबूम', पेंग्विन्सचं लॉस एंजेलिसमधल्या एका गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं 'अर्थ एंजल', न्यू हेवनच्या फाइव्ह सॅटिन्सनी चर्चच्या तळघरात गायलेलं 'इन द स्टिल ऑफ द नाइट'. या शेवटच्या गाण्याचा कर्ता फ्रेड पॅरिस तेव्हा सैन्यात होता आणि रात्रीच्या पहाऱ्यावर त्याला ते सुचलं होतं. यश मात्र अर्धंच हाती लागायचं. 'शबूम' गाजू लागलं तोच टोरँटोच्या क्रू-कट्स या गोऱ्या गटाने ते पुन्हा गायलं आणि पहिला क्रमांक त्यांच्या रेकॉर्डला मिळाला. 'अर्थ एंजल'ही त्यांनी असंच पुन्हा गायलं.

फ्रँकी लायमनची हकिगत त्याहून कठोर. १९५६च्या सुरुवातीला 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' आलं तेव्हा हा हार्लेमचा मुलगा तेरा वर्षांचा होता आणि त्याचे साथीदार, टीनेजर्स, त्याच्याहून थोडेच मोठे. पुढच्या वर्षी तो लंडनच्या पॅलेडियमवर गात होता. त्याच वर्षी अ‍ॅलन फ्रीड या निवेदकाच्या टीव्ही कार्यक्रमात तो एका गोऱ्या मुलीसोबत नाचला, दक्षिणेकडच्या केंद्रांनी गहजब केला आणि कार्यक्रम बंद पडला. पुढे फ्रँकीचा आवाज फुटला, गटाशी फारकत झाली, हेरॉइन आलं. १९६८च्या फेब्रुवारीत तो पंचविसाव्या वर्षी आजीच्या घरी मेला. गाण्याचे कर्ते म्हणून कागदोपत्री आधी निर्माता जॉर्ज गोल्डनरचं आणि पुढे रेकॉर्डसम्राट मॉरिस लेव्हीचं नाव लागलं होतं. टीनेजर्सपैकी हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट कोर्टात गेले. १९९२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, १९९६ मध्ये वरच्या कोर्टाने दावा मुदतीबाहेरचा ठरवून तो फिरवला. गाणं कोणाचं या प्रश्नाचं उत्तर मुदतीवर ठरावं, हे आजही वाचताना सहन होत नाही.

१९६४च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले आणि कोपऱ्यावरच्या गटांना कंपन्यांची दारं बंद झाली. स्वतःचे बँड असलेले चौघे हवे होते, बँड नसलेले नको होते.

ही परंपरा इथेच संपायची, पण तिला आधार त्याआधीच मिळाला होता, तोही अगदी अनपेक्षित ठिकाणी. मॅनहॅटनच्या बेचाळिसाव्या रस्त्याखाली, भुयारी रेल्वेच्या वाटेवर आयर्विंग 'स्लिम' रोझ यांचं टाइम्स स्क्वेअर रेकॉर्ड्स हे दुकान होतं. शाळकरी पोरं, बहुतेक इटालियन आणि ज्यू घरांतली, जुन्या रेकॉर्डच्या शोधात तिथे पडीक असत. दुर्मीळ रेकॉर्ड आणून देणाऱ्याला स्लिम घसघशीत किंमत देत. कॅप्रीस या गटाचं १९५८ मध्ये वाया गेलेलं एक गाणं या दुकानामुळे उकरून निघालं आणि १९६१ मध्ये देशभर वाजलं. मग स्लिमना नटमेग्स या गटाच्या तालमीच्या टेपा मिळाल्या. पुढे बँडसह ध्वनिमुद्रण करायचं म्हणून नुसत्या गळ्यांनी केलेला तो सराव होता. १९६३ मध्ये त्यांनी तो तसाच रेकॉर्डवर काढला आणि पोरं त्यावर तुटून पडली. वाद्यांआड जे दडलं होतं ते आता उघडं ऐकू येत होतं. झिरकॉन्ससारखे नवे गट मुद्दाम वाद्यांविना गाऊ लागले. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला एडी ग्रीस आणि डॉन फिलेटी यांनी 'रेलिक' कंपनी काढली आणि असल्या गाण्यांच्या एलपी आणल्या. जर्सी सिटीत क्राउस होतेच.

या संग्राहकांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्यामुळे रेकॉर्ड वाचल्या. पण गाणारे नसतील तर परंपरा कपाटात राहते, आणि गाणारे होते ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीत.

तिथे १९६२ पासून पाचजण जमत होते. जेरी लॉसन, जयोटिस वॉशिंग्टन, जोसेफ 'जेसी' रसेल, हर्बर्ट 'टूबो' ऱ्होड आणि जिमी हेस. बहुतेकजण दक्षिणेतून आलेले. लॉसन फ्लोरिडाचा, १९४४चा जन्म. दिवसा मिळेल ते काम, नंतर बास्केटबॉल, आणि खेळ संपला की इमारतीच्या पायऱ्यांवर गाणं. वस्तीत गाणारे गट पुष्कळ होते. बाकीचे पांगले, हे टिकले. माझ्या मते त्याचं श्रेय लॉसनच्या डोक्याला आणि हेसच्या गळ्याला जातं. लॉसन लीड गायचा, आणि कोणी कोणता स्वर धरायचा ही बांधणीही त्याचीच. सगळे भाग तो मनात रचायचा आणि प्रत्येकाला त्याचा भाग गाऊन दाखवायचा. लीड म्हणून त्याचा आवाज बारीक नव्हता, भरदार बॅरिटोन होता, चर्चमधल्या प्रवचनकारासारखा खरखरीत होत जाणारा. हेसचा खर्ज नुसता खाली टेकलेला नसायचा. तो चालायचा, उड्या मारायचा, ओळ संपली की पुढच्या ओळीला धक्का देऊन ढकलायचा. 'अकापेला' ऐकताना पहिल्या काही क्षणांतच ड्रमची आठवण निघून जाते ती त्याच्यामुळे.

पहिल्या एलपीनंतर कॅपिटॉल कंपनीने त्यांना घेतलं. १९७१ मध्ये 'वी केम टू प्ले', १९७२ मध्ये 'स्ट्रीट कॉर्नर सिंफनी'. या रेकॉर्डमध्ये त्यांनी जे केलं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्यांनी १९५५ सालची गाणी १९५५ सारखी गाण्याचा हट्ट धरला नाही. तेव्हा जुन्या गाण्यांचा उदो उदो सुरू झाला होता. केसांना तेल चोपडून नाटकी ढंगात गाणारे शा ना ना १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात गाऊन गेले होते आणि त्याच वर्षी रिचर्ड नेडर यांनी न्यू यॉर्कमध्ये जुन्या गटांचे मोठे जलसे सुरू केले. गस गॉसर्ट हा रेडिओ निवेदक 'डू-वॉप' हे नाव घरोघरी पोचवत होता. गाणाऱ्यांनी स्वतः तोवर आपल्या गाण्याला असं काही म्हटलं नव्हतं. पर्स्वेजन्सना त्या लाटेवर सहज बसता आलं असतं. त्यांनी सॅम कुकची गाणी घेतली, गॉस्पेल घेतलं, बॉब डिलन घेतला, त्या वेळची ताजी सोल गाणी घेतली, आणि सगळं कोपऱ्यावरच्या रीतीने पाच गळ्यांत बसवलं. गाणी नवी, उभं राहणं जुनं.

कंपन्यांची एकच सूचना असे: वाद्यं घ्या, रेडिओवर वाजाल. १९७३च्या एलपीचं नावच त्यांनी 'वी स्टिल एन्ट गॉट नो बँड' ठेवलं. अजूनही आमच्याकडे बँड नाही, हे त्यांचं चारचौघांत दिलेलं उत्तर होतं. पुढे ए अँड एम कंपनीकडे असताना काही गाण्यांत वाद्यं आलीच. त्या ध्वनिमुद्रणांत ते चांगले गातात, पण कोणत्याही चांगल्या सोल गटासारखे वाटतात. लॉसनच्या दोन ओळींमधला श्वास, ज्यात मागचे तिघे हळूच सरकतात, तो गिटारने भरून टाकलेला असतो. या काळातल्या एका एलपीचं नाव आहे 'आय जस्ट वॉन्ट टू सिंग विथ माय फ्रेंड्स'. मित्रांसोबत गायचंय, एवढंच.

१९७७ मध्ये 'चर्पिन' आली आणि ते पुन्हा निव्वळ गळ्यांवर परतले. तिच्यात 'लुकिंग फॉर अ‍ॅन एको' हे गाणं आहे. जिन्यात आणि स्टेशनात घुमणारी जागा शोधत फिरलेल्या पोरांचंच ते गाणं. रिचर्ड राइकेगने लिहिलेलं आणि आधी केनी व्हॅन्सने गायलेलं; पण लॉसन ते गातो तेव्हा आठवण काढत बसल्याचा सूर त्यात नसतो. त्याची शोधाशोध अजून चालूच असते.

पैसा फारसा आला नाही, मान आला. गायिका जोनी मिचेलने १९७९च्या दौऱ्यावर त्यांना सोबत घेतलं. तिच्याभोवती तेव्हा जॅझमधली मातब्बर मंडळी होती: बास गिटारवर जॅको पास्टोरियस, गिटारवर पॅट मेथीनी, सॅक्सोफोनवर मायकल ब्रेकर. सँटा बार्बराच्या खुल्या रंगमंचावरच्या त्या कार्यक्रमाची 'शॅडोज अँड लाइट' ही ध्वनिमुद्रिका १९८० मध्ये निघाली. तिच्यात मिचेल आणि पर्स्वेजन्स मिळून गातात ते नेमकं 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह'. फ्रँकी लायमनला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बहुतेक श्रोते मिचेलसाठी आलेले, गिटारवर वाढलेले. त्यांच्यासमोर हेसचा खर्ज सुरू होतो आणि हे गाणं जुनं आहे याची जाणीवच उरत नाही.

दरम्यान न्यू जर्सीतल्या क्लिफ्टनमध्ये रॉनी इटालियानो या रेकॉर्डविक्रेत्याने १९७६ पासून 'युनायटेड इन ग्रुप हार्मनी असोसिएशन' ही संघटना चालवली. विस्मरणात गेलेल्या गायकांना शोधून काढायचं, पुन्हा एकत्र आणायचं आणि दर महिन्याच्या बैठकीत गायला लावायचं, हे काम त्यांनी २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत केलं. कॅडिलॅक्सचा अर्ल 'स्पीडो' कॅरोल याच्यासारखे कितीतरी गायक पोटासाठी दुसरंच काही करत होते. कॅरोल मॅनहॅटनच्या पीएस ८७ शाळेत साफसफाई आणि देखभालीचं काम करायचा आणि सुटीच्या दिवशी रंगमंचावर उभा राहायचा. हार्पटोन्सचा विली विनफील्ड साठहून अधिक वर्षं गात राहिला. १९९९ मध्ये सार्वजनिक टीव्हीने पिट्सबर्गमध्ये या मंडळींना एकत्र आणून केलेल्या कार्यक्रमाने देणग्यांचा पाऊस पाडला, तेव्हा कुठे बाकीच्या देशाला कळलं की ही माणसं अजून गातात. त्याच सुमारास एकही मूळ गायक नसलेले तोतये गट जुनी नावं लावून पैसे कमावत होते. त्यांना आळा घालणारे कायदे राज्याराज्यांत करून घेण्यासाठी शा ना नाचाच जॉन बाउमन धडपडला, आणि २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियाने पहिला कायदा केला.

पर्स्वेजन्समध्ये मधल्या वर्षांत थोडं येणं-जाणं झालं, पण गाभा तोच राहिला. पहिला खरा घाव १९८८ मध्ये बसला. टूबो ऱ्होड दौऱ्यावर असतानाच गेला. पाचांतला एक गेला की ज्या स्वरावर तो उभा होता तिथे भोक पडतं. नवा माणूस स्वर लावू शकतो, पंचवीस वर्षं आणू शकत नाही. काही काळ त्यांनी चौघांतच सगळं बसवलं. १९९० मध्ये चित्रपट दिग्दर्शक स्पाइक लीने सार्वजनिक टीव्हीसाठी केलेल्या वाद्याविना गाण्याच्या कार्यक्रमात ते टेक सिक्स, रॉकापेला आणि दक्षिण आफ्रिकेच्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोबरोबर उभे होते. तरुण गट त्यांना गुरुस्थानी मानत होते. कॉलेजांतून जो अकापेलाचा सुकाळ पुढे झाला, त्याच्या मागे या रेकॉर्डवरून शिकलेली पिढी आहे.

झॅपा १९९३ मध्ये गेला. २००० मध्ये पर्स्वेजन्सनी 'फ्रँकली अ कॅपेला' काढली, सगळी गाणी झॅपाची. झॅपाच्या वाद्यमेळातले वेडेवाकडे ताल आणि अचानक वळणारे सूर गळ्यांत आणणं हे सोपं काम नव्हे. फोनवर ऐकून विश्वास टाकणाऱ्या माणसाचं ऋण त्यांनी गाऊनच फेडलं.

२००३ मध्ये लॉसन बाहेर पडला. चाळीस वर्षांची सोबत तुटली. उरलेल्यांनी नवे साथीदार घेऊन पर्स्वेजन्स चालू ठेवले. लॉसन अ‍ॅरिझोनात गेला आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या देखभालीची नोकरी करू लागला. पण एकट्याने गाणं त्याला जमेना. सॅन फ्रान्सिस्कोत टॉक ऑफ द टाउन नावाचा गट होता, पर्स्वेजन्सच्या रेकॉर्डवर पोसलेला. त्यांना लॉसनचा प्रत्येक भाग पाठ होता. २००७ मध्ये त्यांची एकत्र सीडी आली. २०१०च्या डिसेंबरात एनबीसी वाहिनीवरच्या 'द सिंग-ऑफ' या अकापेला स्पर्धेत, कॉलेजच्या मुलामुलींच्या घोळक्यात, हे वयस्क लोक उतरले. मुलं तोंडाने ड्रम वाजवत होती, रांगा बदलत नाचत होती. हे अर्धवर्तुळात उभे राहिले आणि चुटक्या वाजवून गायले. जिंकले नाहीत.

जोसेफ रसेल २०१२ मध्ये गेला, जिमी हेस २०१७ मध्ये. लॉसनने एकाहत्तराव्या वर्षी, २०१५ मध्ये, फक्त स्वतःच्या नावाची पहिली एलपी काढली, आणि तिच्यात वाद्यं आहेत. २०१९च्या जुलैमध्ये तो गेला.